चौकटीला सुटलेलं पोट

भिंगमामांना मामा म्हणणाऱ्यांत त्यांचा खरा भाचा एकही नव्हता. त्यांच्या थोरल्या बहिणीला, आक्काला, मूलबाळ नव्हतं. तरी सगळी गल्ली त्यांना मामा म्हणे, आणि खिशात कायम एखादी लेन्स म्हणून भिंगमामा. पूर्वी त्यांचा फोटो स्टुडिओ होता. लोक फोनवर स्वतःच स्वतःचे फोटो काढायला लागले तेव्हा तो बंद पडला आणि मामा घरांचे फोटो काढू लागले. विकाऊ फ्लॅट, भाड्याच्या खोल्या, नवी दुकानं. ‘माझं नाक मोठं आलंय’ अशी तक्रार घर करत नाही, एवढं सुख त्या कामात होतं.

दलालाला लहान खोली मोठी करून हवी असते आणि त्यासाठी लागते वाइड अँगल लेन्स. नवी घेणं मामांच्या आवाक्यातलं नव्हतं. म्हणून ते जुन्या बाजारात जाऊन फिल्मच्या जमान्यातल्या लेन्स पडत्या भावात उचलून आणत. एखादीच्या काचेत बुरशी, एखादीच्या उजेड कमीजास्त करणाऱ्या पात्यांवर तेल, एखादीची रिंग इतकी घट्ट की फिरवताना मनगट दुखावं. मामा ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर उघडत, पुसत, पुन्हा जोडत आणि मध्ये एक अडॅप्टर घालून आपल्या डिजिटल कॅमेऱ्यावर चढवत. कॅमेऱ्याला ही म्हातारी पाहुणी ओळखूच येत नसे. लेन्स लावलेली नाही असं तो ठणकावून सांगे, आणि मेनूत जाऊन ‘नसेना का, तू फोटो काढ’ अशी त्याची समजूत घालावी लागे. फोकस हातानं, उजेड अंदाजानं. मामा त्यात खूश असत.

या लेन्सची एक जुनी खोड असते. सरळ रेघ फोटोच्या कडेला गेली की ती बाहेर फुगते, आणि दाराची चौकट भरपेट जेवून उठलेल्या माणसासारखी दिसू लागते. मामा त्याला ‘पोट सुटणं’ म्हणत. प्रत्येक लेन्सचं पोट वेगळं, आणि ते आत घ्यायला कॉम्प्युटरवर कोणता आकडा टाकायचा हे त्यांना पाठ होतं. त्यामुळे एका रिकाम्या फ्लॅटमध्ये कॅमेऱ्याला डोळा लावल्यावर चौकटीचं पोट नेहमीपेक्षा मोठं दिसलं, तेव्हा त्यांनी मनाला फारसं लावून घेतलं नाही. लेन्स म्हातारी झाली, आतलं भिंग सैल झालं असेल, असं म्हणून घरी आल्यावर नेहमीचा आकडा वाढवला आणि फोटो पाठवून दिले. कॉम्प्युटरवर नेहमीच्या आकड्यालाही रेघ तशी बरी दिसत होती. पण कॉम्प्युटरचा पडदा जुना होता आणि मामांचा विश्वास होता तो आपल्या उजव्या डोळ्यावर.

दुसऱ्या दिवशी दलालाचा फोन. गोडबोल्या माणूस, पण त्या दिवशी साखर संपली होती. भिंती कमरेत आवळल्यासारख्या दिसतायत, गिऱ्हाईक विचारतंय इमारत पडायला आलीय का, असं त्यानं ऐकवलं.

मामांनी ती लेन्स उघडली. भिंगं जागच्या जागी, घट्ट. पुन्हा जोडली, पुन्हा पोट. मग दुसरी लेन्स आणली, मग तिसरी. टेबलावर इतके बारके स्क्रू पसरले की मामी ताट ठेवायच्या आधी फुंकर मारून बघू लागल्या. एकदा त्या सहज म्हणाल्या, ‘नाचता येईना, अंगण वाकडं.’ एरवी या टोमण्यावर मामांनी दोन टोमणे परत दिले असते. त्या दिवशी त्यांनी मान वर केली नाही. बाजारातल्या सगळ्याच लेन्सना एकाच वेळी, एकाच आकाराचं पोट कसं सुटेल, हा प्रश्न त्यांना पडला होता आणि त्यांनी तो ढकलून लावला होता.

शेवटी एके दुपारी घरात कुणी नसताना ते झोपायच्या खोलीच्या दारासमोर उभे राहिले. या धंद्यातला एक साधा नियम त्यांना पहिल्यापासून ठाऊक होता: लेन्स कितीही वाईट असो, चित्राच्या बरोबर मधोमध असलेली रेघ सरळच राहते. पोट सुटतं ते कडेला. त्यांनी चौकटीची उभी कड मधोमध घेतली. ती वाकलेली होती. त्यांनी कॅमेरा डाव्या डोळ्याला लावला. कड सरळ झाली. मग कॅमेरा पलंगावर ठेवला, डाव्या डोळ्यावर हात ठेवला आणि नुसत्या उजव्या डोळ्यानं दाराकडे पाहिलं. समोर ना कॅमेरा, ना लेन्स, आणि चौकट मधोमध वाकलेली. वाकण्याच्या जागी एक मळकट डाग, पुसलेल्या फळ्यावर राहतो तसा.

मामांच्या पायाखालची जमीन सरकली. ते पलंगावर बसले आणि त्यांच्या डोळ्यांसमोर आक्का आली.

आक्का शिवणकाम करायची. तिच्या डोळ्यांच्या मधोमध असाच डाग आला, वाढला, आणि आता ती दारात आलेल्या माणसाला ‘कोण?’ असं विचारते. डॉक्टरांनी तेव्हा एवढंच सांगितलं होतं की फार उशीर केलात. तो ‘उशीर’ मामांच्या कानात कायमचा घर करून बसला. उशीर केला तो दाजींनी, असा मामांचा ठाम समज. बायकोला वेळेवर दाखवलं नाही, दुसरं काय! तेव्हापासून त्यांनी मेव्हण्याशी बोलणं टाकलं होतं. आक्काकडे जात, तेही बहुतेक दाजी बाहेर गेलेले पाहून. दाजींनीही कधी खुलासा केला नाही.

आता कुणीही शहाणा माणूस तसाच उठून डॉक्टरकडे गेला असता. मामा गेले नाहीत. डॉक्टर तोच शब्द उच्चारेल या भीतीनं त्यांचे पाय घरातून निघेनात. जोवर कुणी म्हणत नाही तोवर उशीर झालेला नाही, असा काहीतरी उफराटा हिशोब त्यांच्या डोक्यात बसला होता. भीती माणसाला पळवते म्हणतात, पण मामांना तिनं जागच्या जागी बसवलं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणत ते डाव्या डोळ्यानं फोटो काढू लागले. जिना उतरताना कठडा धरू लागले. मामींनी विचारलं तर गुडघ्यावर ढकललं. रोज सकाळी दात घासायच्या आधी ते डोळा झाकून खिडकीचे गज बघत. उजव्यानं वाकडे, डाव्यानं सरळ. डाव्यानं सरळ दिसले की तेवढा दिवस पदरात पडल्यासारखं वाटे. पण दिवसभर काही सुचत नसे. भित्यापाठी ब्रह्मराक्षस. फरशीच्या रेघा, विजेच्या तारा, वहीची कड, जिथे सरळ रेघ दिसे तिथे त्यांचा हात आपोआप डोळ्याकडे जाई. जुन्या बाजारात जाणं मात्र त्यांनी सोडलं नाही. आणखी एखादी लेन्स आणली की घरच्यांना वाटे, चाललंय सगळं नेहमीसारखं.

एका सकाळी डाव्या डोळ्यानंही गज सरळ दिसले नाहीत. फार नाही, एकच गज, किंचित, पाण्यात धरल्यासारखा. मामांनी चष्मा पुसला. खिडकी पुसली. मग दात न घासता, चहा न घेता, ते कुणाला काही न सांगता घराबाहेर पडले. कुठे जायचं हे ठरलेलं नव्हतं. पाय आक्काच्या घरी गेले.

दार दाजींनीच उघडलं. मामा नेहमीप्रमाणे मान वळवून आत गेले आणि दाजी नेहमीप्रमाणे स्वयंपाकघरात निघून गेले. आक्का खुर्चीत होती. मामा समोर बसले आणि इकडचं तिकडचं बोलू लागले. दलालाचं, मामींच्या गुडघ्याचं, स्वतःच्या गुडघ्याचं. आक्का ऐकत होती. मग तिनं हात वर करून त्यांना थांबवलं.

‘तू माझ्याकडे बघून बोलत नाहीयेस.’

‘समोरच तर बसलोय, आक्का.’

‘समोर बसलायस, पण तोंड भिंतीकडे आहे. आवाज माझ्या कानावरून पलीकडे जातोय.’ ती पुढे झुकली. ‘माणूस नीट दिसावा म्हणून मीही असंच तोंड फिरवायचे. कधीपासून आहे?’

तिचा चेहरा दिसावा म्हणून आपण मान वाकडी केली आहे हे मामांना तेव्हा कळलं. त्यांनी मान सरळ केली आणि सवयीनं डावा डोळा झाकला. आक्काचं नाक, डोळे, कपाळ, सगळं त्या डागात गेलं, फक्त केस आणि खांदे राहिले. त्यांना रडू कोसळलं. तिनं समजूत घातली नाही. दाजींना हाक मारून रिक्षा आणायला सांगितली.

डोळ्यांच्या दवाखान्यात मामांची पाचावर धारण बसली होती. डॉक्टरीणबाईंनी चौकड्यांचा एक कागद धरायला दिला आणि एकेका डोळ्यानं बघायला सांगितलं. बाई तरुण होत्या, पण बोलायला नेमक्या. उजव्या डोळ्याच्या मधोमध व्रण झालाय, त्याचं आता काही होणार नाही. डाव्यात सुरुवात आहे. इंजेक्शनं घेतली तर तो बहुधा राहील, पण पहिलं आजच घ्यायचं.

‘कुठे?’ मामांनी विचारलं.

‘डोळ्यातच.’

मामा खुर्चीतून उठले. दाजींनी मागून खांद्यावर हात ठेवून त्यांना परत बसवलं, आणि मेव्हण्याचा हात झटकायचं त्यांना त्या गडबडीत सुचलं नाही.

डावा डोळा बधिर केला होता, त्यामुळे दुखलं असं काही नाही. सुई दिसली नाही, नुसता दाब आला आणि नजरेत काळे थेंब तरंगले. मामांनी आईची, देवाची, सगळ्यांची नावं घेतली. बाहेर येताना बाईंनी विचारलं, पहिल्यांदा रेघ वाकडी कधी दिसली? मामांनी सांगितलं. बाई हळूच म्हणाल्या, तेव्हाच आला असतात तर दोन्ही वाचले असते. ‘उशीर’ हा शब्द त्यांनी वापरला नाही.

बाहेर बाकावर आक्का बसली होती. दाजी चहा आणायला गेले होते. मामा शेजारी बसले आणि तिला सगळं सांगितलं, लेन्स बदलल्याचंही. तिनं एकच विचारलं.

‘लेन्सचा दोष नाही हे तुला कधी कळलं?’

मामांना खोटं बोलायचं होतं. ‘त्या दुपारीच,’ ते म्हणाले. ‘दारासमोर.’

‘मी सुया बदलल्या,’ आक्का म्हणाली. ‘मोठ्या नेढ्याच्या. मग त्याहून मोठ्या. मशीनचा दिवा बदलला. हे रोज विचारायचे, डोळ्यांना काही होतंय का. मी म्हणायचे, दोरा हलका निघाला. वर्षभर म्हणत होते.’

‘दाजी विचारायचे?’

‘रोज. नंतर तू त्यांना दोष द्यायला लागलास, आणि मी देऊ दिला. मी भ्याले होते, हे तुला सांगायची लाज वाटली. ते म्हणाले, राहू दे, मला दोष दिला तरी चालेल, पण तुला कुणी काही बोलायला नको.’

इतकी वर्षं मामा ज्या माणसाला पाहून मान फिरवत आले होते तो दोन्ही हातांत चहाचे पेले सांभाळत समोरून येत होता. उजव्या डोळ्याच्या मधोमध तो नव्हताच, आणि डाव्यावर पट्टी होती. दिसत होत्या त्या फक्त त्याच्या चपला आणि पेल्यांतून निघणारी वाफ. मामांनी चाचपडत हात पुढे केला. दाजींना वाटलं चहासाठी, म्हणून त्यांनी पेला पुढे केला. मामांनी पेला घेतला नाही, मनगट धरलं, आणि चहा दोघांच्याही हातांवर सांडला तरी सोडलं नाही.