बिरोबाच्या वाटणीचा पळा

शिक्रापूरच्या चौकातून तळेगाव ढमढेऱ्याच्या वाटेला लागले की थोड्याच अंतरावर एक जुनी चिंच दिसे, आणि तिच्या सावलीत पत्र्याचे एक छप्पर. छपरावर पाटी नव्हती. जीपवाले 'बानूबाईकडं' म्हणत, कारखान्यांतले कामगार 'मावशीकडं' म्हणत, आणि आठवडे बाजाराहून परतणारे शेतकरी नुसते 'चिंचेखाली' म्हणत. ज्याने ज्या नावाने पुसावे त्याला तिथे मिळे ते एकच: बाजरीची गरम भाकरी, बोकडाच्या मटणाचा रस्सा, बुक्कीने फोडलेला कांदा आणि वाढणारीचा सैल हात.

बानूबाईचा जन्म मेंढरांमागच्या पालात झाला. लग्नानंतर तिच्या नवऱ्याने, आण्णाने, मेंढरे विकून दौंड तालुक्यातल्या राहू गावी थोडी जमीन केली. ती पोटाला पुरेना, तेव्हा बाईने घरची चूल उचलून रस्त्याकाठी आणली. भटकंती सुटली तरी भटकंतीतला एक नेम मात्र तिने सोडला नाही. रस्सा उतरला की त्यातला पहिला पळा बिरोबाचा. चिंचेच्या बुंध्याशी शेंदूर लावलेला एक धोंडा होता. त्याच्यापुढे तो पळा वाफेसकट ठेवायचा, हात जोडायचे, आणि मग माणसांची ताटे. देव जेवेपर्यंत चुलीवरचा थेंबही जिभेला लागू द्यायचा नाही. चव पाहिलेले अन्न उष्टे, आणि उष्टे देवाला चालत नाही, हे तिच्या सासूने तिला सांगितले होते, आणि सासूला तिच्या सासूने.

म्हणून बानूबाईने उभ्या आयुष्यात आपल्या रश्शाची चव आधी पाहिली नाही. मीठ मुठीने पडे. ते पुरे झाले की नाही, हे तिला फेसाच्या रंगावरून आणि वाफेच्या वासावरून उमगे. तळेगावचे बागायतदार सोपानराव, जे जेवणाच्या बाबतीत परगण्यात पारखी गणले जात, ते भरल्या तोंडाने म्हणत, "अहो, लोकांना जीभ असती, या बाईला नाक हाय! पुण्याच्या हाटेलवाल्यांनी हिच्या नाकाला तोरण बांधावं."

बानूबाई पदराआड हसे आणि न मागता त्यांच्या ताटात आणखी एक नळी टाकी. त्या काळी तिला एवढेच पुरे होते. कुणी आपले नाव भरल्या तोंडाने घ्यावे, यापरते दुसरे सुख तिला ठाऊक नव्हते; आणि पुढे तिचा घात झाला तो याच सुखाच्या वाटेने.

चिंच आनंदरावांच्या बांधावर उभी होती. आनंदराव म्हणजे जमीनदार असामी. सोसायटी, ग्रामपंचायत, कारखान्याची निवडणूक, सर्वत्र त्यांचा शब्द चाले. "घाल की छप्पर, कोण इचारतंय," असे ते आण्णाला एकदा म्हणाले होते, आणि त्या वाक्यावर खानावळ कित्येक वर्षे उभी राहिली. शतक उलटले, रस्ता रुंद होऊ लागला, दोन्ही अंगांना कारखाने आले, आणि बांधाची माती एकाएकी मोलाची झाली. मग एका दुपारी आनंदराव ट्रॅक्टर घेऊन आले. त्यांनी कागद दाखवला नाही. त्यांच्याकडे कागद मागेल असे तिथे कुणी नव्हते.

पंगत नुकतीच बसली होती. साखळदंड छपराच्या मेढींना अडकवला गेला, तेव्हा सोपानरावांनी हात वर केला. बानूबाईच्या जिवात जीव आला.

"आनंदराव, जरा दम धरा की! ताटं तर आटपू द्या," सोपानराव म्हणाले.

आनंदराव हसले. ट्रॅक्टर थांबला. कुणी रस्सा मागितला, कुणी अर्धी भाकरी. ज्यांना ती वर्षानुवर्षे वाढत आली, ते सारे त्या दिवशी नेहमीपेक्षा थोडे घाईने, पण पोटभर जेवले. हात धुतल्यावर सोपानरावांनी आणि दुसऱ्या एकाने रश्शाचे पातेले कड्यांना धरून बाहेर आणून ठेवले. वाया जाऊ नये, म्हणून. मग ट्रॅक्टरने हिसका दिला, आणि पत्रे खाली बसले. जेवलेल्यांपैकी चारजण पातेल्यापाशी उभे राहून उरलेला रस्सा द्रोणाने पीत ते पाहत होते.

"असली चव पुन्यांदा न्हाई," एकजण म्हणाला, आणि बाकीच्यांनी मनापासून मान डोलावली.

*

पुढल्या वर्षी आण्णा गेला. बानूबाई राहूला मुलाच्या घरी राहू लागली. मुलगा टेंपोवर असे. घर चाले ते सून गिताबाईच्या मर्जीने. गिताबाईने सासूला चुलीपाशी येऊ दिले नाही. "आत्याबाई, आमच्या घरी गॅस हाय. तुमचा पसामुठीचा कारभार हितं नगं," असे तिने पहिल्याच आठवड्यात सांगितले, आणि म्हातारीची वाकळ गोठ्याच्या पडवीत घातली.

इकडे मोडलेली खानावळ लोकांच्या तोंडी वाढू लागली. लग्नाच्या मांडवात पनीर समोर आले की कुणीतरी उसासा टाकी. सोपानराव तर त्या रश्शाचे वर्णन असे करीत की ऐकणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटावे: ती तर्री, तो भाजल्या डाळी-धान्याच्या येसराचा दाटपणा, ती नळी! ती बाई आता कुठे असते, हे मात्र कुणी पुसत नसे. राहू काही काशीइतके दूर नव्हते. जीपने सकाळी जाऊन दुपारी परत येता आले असते. परंतु आठवणीचे एक सुख असे की ती काढायला माणसाच्या दारी जावे लागत नाही.

एकजण मात्र गेला. आनंदरावांचा मुलगा विक्रम. लोकांच्या या हळहळीत धंदा आहे हे त्याने ओळखले होते. चिंचेच्या जागी त्याने बाग, कारंजे आणि दिव्यांच्या माळा असलेले हॉटेल उभारले होते, आणि त्याला नाव द्यायचे होते 'बानूमावशीची चूल'. त्याने पडवीतल्या वाकळेपाशी बसून सांगितले, "मावशी, लहानपणी तुमच्याच हातचं खाऊन मोठा झालो मी. दारातच चूल मांडून देतो. तुम्ही नुसतं बसायचं, भाकरी थापायची. लोक येतील, पाया पडतील."

"आन् रस्सा?" बानूबाईने विचारले.

"त्याला आत आचारी आहेत."

"मग नाव माजं कशाला?" म्हातारीचा आवाज एकाएकी खणखणीत झाला. "दादा, रस्सा मी करीन. माज्या हाताला न्हाई म्हणत असाल, तर माजं नावबी नगं."

दारात गिताबाई उभी होती. ती म्हणाली, "आत्याबाई, उगी अडून नका बसू. भांडी घासायला ठेवत न्हाईत हेच लई."

विक्रमने क्षणभर विचार केला. मग तो गोड हसला. "ठरलं! उद्घाटनाला तुम्हीच करा. जुनी गिऱ्हाइकं सगळी बोलावतो. त्यांनी म्हटलं हीच ती चव, की भटारखाना तुमचा. नाही म्हणाले, तर मात्र दारातली चूल. कबूल?"

"कबूल," बानूबाई म्हणाली. तिला काळजी कसली? जे तिच्या दारी जेवले होते, तेच तिचे पंच होणार होते.

*

उद्घाटनाच्या सकाळी तिने आंघोळ करून कोरे लुगडे नेसले. भटारखान्यात मोठ्या टोपात मटण धुऊन, हळद माखून ठेवले होते. शेजारी परप्रांतातला आचारी लसूण सोलत होता, आणि विक्रम फोनवर बोलत उभा होता.

"दादा, मटणाला मीठ लावलंय का?" तिने विचारले.

आचाऱ्याने मान वर केली. विक्रमने त्याच्याकडे पाहिले आणि फोन छातीशी धरून म्हणाला, "नाही मावशी. हळदच लावलीय. तुमचं तुम्ही बघा."

बानूबाईने मूठ भरली.

कांदा-खोबरे निखाऱ्यावर भाजून तिने स्वतः वाटले. येसर घातला. उकळी फुटली, आणि वाफेचा पहिला लोट अंगावर आला, तेव्हा ती थबकली. वास जड होता. पण आग गॅसची होती, वर पंखा घरघरत वाफ ओढून नेत होता, आणि पडवीतल्या वर्षांनी नाकही थकले असेल, असे तिला वाटले. संशय फिटायला एक थेंब पुरे होता. तिने पळी उचलली, बोट वाकवले. बोट रश्शाला लागणार तोच तिने ते मागे घेतले. बिरोबा अजून जेवला नव्हता.

धोंडा आता कारंज्याच्या कडेला सिमेंटात बसवला होता आणि त्याच्यावर निळा दिवा सोडला होता. बानूबाईने पहिला पळा त्याच्यापुढे ठेवला, डोळे मिटले, आणि म्हणाली, "देवा, लाज राख."

मग पंगत बसली. मधोमध सोपानराव. फोटो निघाले. बानूबाई खांबाला टेकून, पदर मुठीत धरून, त्या एका मुखाकडे पाहत राहिली. सोपानरावांनी भाकरी कुस्करली, रस्सा ओतला, पहिला घास घेतला. त्यांचा जबडा थांबला. त्यांनी पाण्याचा तांब्या ओढला.

"बानूबाई," ते तोंड पुसत म्हणाले, "रस्सा केलाय का खाडी आणलीय?"

पंगतीत हशा पिकला. पलीकडून कुणीतरी ओरडले, "मावशी, आमची खाल्ल्या मिठाला जागायची तयारी हाय, पण एवढ्या मिठाला सात जन्म पुरायचे न्हाईत!"

"म्हातारीचा हात गेला," तिसरा म्हणाला. तो जरा हळू बोलला, आणि तेच तिला नेमके ऐकू आले.

"हसू नका हो, वय झालंय त्यांचं," विक्रम हात जोडत पुढे आला. "आतून दुसरं आणतो. बसा सगळे, उठू नका."

दुसरा टोप तयारच होता. आचाऱ्याने तो पुड्यातल्या मसाल्याने केला होता. वर लालभडक तेल, आत कसलासा गोडसर दाटपणा. सोपानरावांनी घास घेतला. डोळे मिटले. सगळी पंगत त्यांच्या तोंडाकडे पाहत होती.

"हीच!" ते म्हणाले. "ही आमची चिंचेखालची चव! विक्रमराव, जिंकलंत. बघा, डोळ्यांत पाणी आलं."

पाणी खरे होते. त्यांच्या जिभेला त्या जुन्या रश्शाचे काहीच उरले नव्हते. उरली होती ती वर्षानुवर्षे मांडवामांडवांतून केलेली वाखाणणी, आणि तिला कुठलाही लाल रस्सा पुरत होता. बानूबाईने त्यांच्या ताटाकडे पाहिले. येसर टाकलेला तिचा रस्सा वाटीत बाजूला सारला होता, आणि त्यात कुणीतरी हाडे टाकली होती.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी भटारखाना रिकामा असताना आचारी तिच्यापाशी आला. इकडेतिकडे पाहून म्हणाला, "माई, बुरा मत मानना. नमक तो मैंने पहले ही लगा दिया था। सेठ के सामने लगाया था।"

बानूबाई उठली आणि थेट गल्ल्यापाशी गेली. "दादा, मी तुमाला इचारलं हुतं."

विक्रम चिडला नाही. त्याने खुर्ची पुढे केली; ती बसली नाही. "मावशी, नीट ऐका," तो समजुतीच्या सुरात म्हणाला. "दौंडला दुसरं हॉटेल काढायचंय, शिरूरला तिसरं. तुमचा हात तीन ठिकाणी कसा पुरणार? फोटो पुरतो."

"खरं काय ते मी सांगीन लोकास्नी."

"सांगा की. काल पंगतीनं स्वतः खाल्लंय. म्हातारी खोटं बोलती म्हणतील, आणि तुमच्यावर आणखी हसतील." मग त्याने गल्ल्याचा खण लावला. "बाकी राहूला जायचं असेल, तर गाडी देतो. पण गिताबाईंचा फोन आला होता. पडवीत शेळ्या बांधल्यात म्हणे."

ती मागे वळली. दारातल्या चुलीपाशी जाऊन बसली आणि परातीत पीठ घेतले.

त्या हॉटेलला बरकत आली. रविवारी पुण्याच्या मोटारी दाटू लागल्या. लेकरे म्हातारीसोबत फोटो काढीत. एकदा सोपानराव चार पाहुणे घेऊन आले, भरपेट जेवले, आणि मिशीवरून हात फिरवीत चुलीपाशी उभे राहिले.

"ही ती बानूबाई! हिच्या त्या खानावळीवर आम्ही जीव टाकायचो. काय बानूबाई, चिंचेखाली हाच रस्सा हुता का न्हाई? सांगा यांस्नी, तुमच्या तोंडानं ऐकू द्या."

बानूबाईच्या हातात भाकरी होती. तिने ती तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवले. गल्ल्यावरून विक्रम पाहत होता.

"व्हय मामा," ती म्हणाली. "हाच."

पाहुण्यांनी वाहवा केली. सोपानरावांनी कृतकृत्य होऊन तिच्या पाठीवर थाप दिली.

ते गेल्यावर आचाऱ्याने नेहमीप्रमाणे नव्या टोपातला पहिला पळा वाटीत काढून तिच्या हाती दिला. ती कारंज्याशी गेली, धोंड्यापुढे बसली. मग तिने वाटी खाली ठेवली नाही. पाठीमागे कुणी नाही असे पाहून तिने बोट रश्शात बुडवले आणि देवाच्या आधी जिभेवर ठेवले.

मीठ बरोबर होते.

तिने बोट पदराला पुसले, आणि वाटी बिरोबापुढे सरकवली.