मामांना काही दुखत नव्हतं

माझ्या बायकोच्या मामांइतका दुसऱ्यासाठी उठून उभा राहणारा माणूस देवगड तालुक्यात तरी दुसरा नसेल. थोरामोठ्यांसाठी सगळेच उठतात. मामा पोस्टमनसाठी उठत, आंब्याच्या पेट्या न्यायला आलेल्या टेम्पोवाल्यासाठी उठत, आणि माझी चार वर्षांची मुलगी अंगणातून आत आली तरी भरल्या ताटावरून अर्धे उठत. "बसान खंय कोणाक या म्हणतत?" असं त्यांचं म्हणणं. मधुमेहाला वीस-बावीस वर्षं झाली होती, पण त्याच्याशीही ते असेच अदबीने वागत. गोळी वेळेवर घेत आणि वर हापूसही खात. मामींनी डोळे वटारले तर म्हणत, "घरचो आंबो, तेका नाय कसा म्हणाचा?" जेवताना त्यांच्या कपाळावरून, मानेवरून घामाच्या धारा लागत. दोष सगळ्यांनी माशाच्या कालवणाला दिला. मामी बिचाऱ्या वर्षभर मिरच्या कमी करत गेल्या. घाम तसाच राहिला आणि कालवण तेवढं मिळमिळीत झालं.

एका गणपतीत मी पडवीची पायरी चढलो, मामा लगबगीने उठले, "या" म्हणाले आणि माझ्यासमोरच कोसळले. कपाळाला खोक पडली. शुद्धीवर आल्यावर त्यांनी आधी माझीच माफी मागितली. डॉक्टरांनी त्यांचा रक्तदाब आधी झोपवून आणि मग उभं करून मोजला, तेव्हा उलगडा झाला. हृदय, पोट, घाम यांची कामं आपल्याला न विचारता चालवणाऱ्या ज्या नसा असतात, त्याच साखरेने दुखावल्या होत्या. म्हणून उठलं की रक्तदाब एकदम खाली यायचा, दुपारचं जेवण संध्याकाळपर्यंत पोटात बसून राहायचं, आणि जेवतानाचा घामही त्यातलाच. हे पूर्ण बरं होणारं नाही, सांभाळून राहायचं, असं डॉक्टर म्हणाले. मग मामा टप्प्याटप्प्याने उठायला शिकले. आधी पाय हलवायचे, मग खाटेच्या कडेला बसायचं, मग खांब धरायचा. ते पुरते उभे राहीपर्यंत पाहुण्याचा चहा संपलेला असे, पण उठायचं त्यांनी सोडलं नाही.

पुढच्या मोसमात आम्ही अंगणात आंबे निवडत बसलो होतो. व्यापारी आला. मामा जागचे हलले नाहीत. पायसुद्धा हलवले नाहीत. जरा थकवा वाटतो, एवढंच म्हणाले. मामींनी हातातला आंबा खाली ठेवला, त्यांचा चेहरा नीट पाहिला आणि मला म्हणाल्या, "गाडी काढा."

वाटभर मामा सांगत होते, "माका कायएक दुखत नाय." दवाखान्यात कळलं की हृदयविकाराचा झटका आला होता. वेळेवर आणलंत म्हणून वाचले, असं डॉक्टर म्हणाले. या नसा अशा झाल्या की कधीकधी छातीत कळसुद्धा येत नाही. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, खरंच काहीच दुखलं नाही? मामांनी खाटेशी उभ्या असलेल्या मामींकडे मान वळवली.

"माझा दुखणा आता हिकाच कळता," ते म्हणाले.

मामींनी पदर सारखा करायच्या निमित्ताने तोंड फिरवलं.

मामा आता घरीच असतात, बागेत जात नाहीत. दर रविवारी मी फोन करतो. कसे आहात विचारलं की उत्तर ठरलेलं, "बरो आसंय." मी मोहोराची, पावसाची चौकशी करतो, ते खुशीत बोलत राहतात. मग मी फोन मामींकडे द्यायला सांगतो.