सामूचं मेंढरू

हे मी आजवर कुणापाशी बोलले नाही — नवऱ्यापाशी नाही, रविवारी डोळे मिटून केलेल्या प्रार्थनेतही नाही. तिथं तर मी फार जपून बोलते.

सामू माझा धाकटा भाऊ. आम्ही श्रीरामपूरचे. नाताळच्या देखाव्यातल्या, बाळ येशूच्या गोठ्यात ठेवायला त्यानं कालव्याच्या पाटाकडेच्या चिकणमातीचं एक मेंढरू केलं होतं. बोटाचं टोक दाबून दाबून अंगभर लोकर काढलेली. आईनं ते चुलीच्या निखाऱ्यांत भाजून दिलं. पुढचा नाताळ यायच्या आत सामू तापानं गेला. त्याचा साधा फोटोही नव्हता आमच्याकडे. उरलं ते मेंढरू.

आई रोज संध्याकाळी ते मांडीवर घेऊन बसायची, त्या खळग्यांतून बोट फिरवायची. आणि समोर मी — जिवंत, केस पिंजारलेली, वेणीसाठी थांबलेली. मी दिसत नव्हते का तिला?

एकदा ती सोनईला मावशीकडे गेली, तेव्हा... मनाशीसुद्धा मी आजवर 'हातातून निसटलं' असंच म्हणत आले. पण मी ते आपटलं. धुण्याच्या दगडावर, जोर लावून.

मग घाबरले. तुकडे पाटात टाकले, तिथलीच माती आणली, तसंच मेंढरू केलं. लोकर काढायला माझी करंगळी वापरली. आई परत यायच्या आत भाजून जागेवर ठेवलं.

तिला कळलं नाही. नंतर कित्येक वर्षं ती माझ्याच बोटाचे ठसे कुरवाळत राहिली — आणि सांगायची लाज वाटते, पण मला ते आवडायचं. मेलेल्या भावाच्या वाट्याची माया मी चोरून घेत होते.

गेल्या वर्षी आई अंथरुणाला खिळली. मेंढरू मागितलं. खळग्यात बोट टेकवून म्हणाली, "माझ्या सामूचं बोट लई बारीक हुतं, न्हाई गं?"

"व्हय आई," मी म्हणाले.

तेव्हा तरी सांगता आलं असतं ना?

आई गेली तेव्हा मेंढरू तिच्या हातात दिलं आणि शवपेटी बंद केली. पेटी कुजेल, साडी कुजेल, आईही मातीला मिळेल. भाजलेली माती मात्र तशीच राहील. आईच्या मुठीत माझी करंगळी आहे. सामूचं बोट पाटाच्या गाळात पडलंय.