मोगरा आणि ग्रीस

मोगऱ्याचा गजरा दिसला की मला ग्रीसचा वास येतो. भाचीच्या लग्नाला निघालो होतो; मामा म्हणून तिला बोहल्यावर मीच न्यायचं होतं. झरी जामणीच्या जंगलात भर उन्हात आमच्या जुन्या गाडीची झिजलेली क्लच केबल तुटली अन् मी देव आठवू लागलो. बायको म्हणाली, "डिक्कीत दुसरी हाये. ठेवली तवा हासून राह्यले होते ना? आता छत्री धरा!" माहेरच्या ट्रॅक्टरवर तिचा हात बसलेला; केसांत मोगऱ्याचा गजरा तसाच ठेवून, पैठणी खोचून, बॉनेटमध्ये वाकून, पेडलखाली शिरून तिनं नवी केबल बसवलीसुद्धा. मंगलाष्टकांआधी पोचलो. "मामा वेळेवर आले!" असं कौतुक झालं, ते मी ऐटीत घेतलं. शेजारी तिच्या मुठीतल्या अक्षता काळ्या झाल्या होत्या. आजही डिक्कीत केबल तीच ठेवते. छत्री मात्र मी विसरत नाही.