नर्सबाईंच्या ओसरीवरची गोधडी

तिसगावला आम्ही भाड्याने घेतलेल्या घराच्या अंगणात आड होता. घर दाखवताना मालक दारं-खिडक्यांबद्दल एक अक्षर बोलला नाही, आडाचंच कौतुक सांगत राहिला. पाणी गोड, उन्हाळ्यातही तळ दिसत नाही, पोहरा सोडायचा आणि ओढायचा. यजमान तिथल्या शाळेत मास्तर म्हणून बदलून आले होते. नगरची मुलगी, नळाच्या पाण्यावर वाढलेली, तिला गावभर हंडे घेऊन फिरायला नको, असं त्यांच्या मनात आलं आणि त्यांनी मोठ्या हौसेने ते घर घेतलं. त्या आडाला मी जितकी भ्याले तितकी पुढे आयुष्यात कशालाही भ्याले नाही.

पहिलं बाळंतपण माहेरी झालं. तिथे सगळं सुरळीत होतं. मुलगी मान धरायला लागली तशी मी तिला घेऊन तिसगावला आले, आणि थोड्याच दिवसांत एका सकाळी तिला कडेवर घेऊन पोहरा ओढायला आडावर गेले. कठडा जेमतेम गुडघ्याएवढा. वाकून पाहिलं. खाली काळं पाणी, त्यात आम्हा दोघींची डोकी. आणि मनात आलं, हात सुटला तर? मग लगेच दुसरं आलं, आणि मीच सोडला तर?

मी तिथेच मटकन खाली बसले. मला तिला टाकायचं नव्हतं. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण तेव्हा हे सांगायला माझ्याजवळ कोणी नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी कोणी विश्वास ठेवला असता असं वाटत नाही. मला ती जिवापाड हवी होती. पण तो विचार एकदा आला तो आलाच. सकाळी आडावर यायचा, दुपारी विळीवर भाजी चिरताना यायचा, तिच्या झबल्याला बटण लावताना सुईच्या टोकावर यायचा. मी विळी माळ्यावर ठेवली. सुया डब्यात घालून डबा कणगीमागे ढकलला. भाजी हातानेच मोडू लागले. आमच्याजवळच राहणाऱ्या सासूबाई म्हणाल्या, "नगरला भाजी अशीच करतात वाटतं." मी हसून वेळ मारून नेली.

मुलीला मी जवळ घेईनाशी झाले. कोणीही घरात आलं की तिला त्याच्या हातात द्यायचं आणि "आलेच हं" म्हणून आत पळायचं. दूध पाजून झालं की लगेच सासूबाईंकडे. शेजारणी म्हणत, मास्तरीणबाई किती मोकळ्या मनाच्या, लेकरू कुणालाही देतात. खरं कारण मलाच माहीत.

यजमानांना एकदा अर्धवट सांगितलं, की मला आडाची भीती वाटते. ते हसले. "भित्यापाठी ब्रह्मराक्षस," म्हणाले, आणि वह्या तपासायला बसले. माणूस वाईट नव्हता, पण ब्रह्मराक्षस कोण ते विचारायची त्याची तयारी नव्हती. सासूबाईंनी मात्र माझी उतरलेली तब्येत पाहिली आणि आडावरचं काहीतरी लागलं म्हणून माझ्या दंडात काळा दोरा बांधला. दोरा बांधता बांधता त्या म्हणाल्या, "नाहीतर नगरला जाऊन राहा थोडे दिवस. मुलीला मी सांभाळते." प्रेमानेच म्हणाल्या असतील. मी मात्र पार गारठले. एकदा का मुलगी इथे आणि मी तिथे झाले, की मला परत कोण आणणार? मनातलं बोलले तर मुलगी जाणार. नाही बोलले तर माझ्याच हातून काहीतरी होणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असं झालं होतं.

आणि गावात ती बाई होती. बाजारतळाच्या मागे एकटी राहायची, कपाळ मोकळं, मान खाली. तिनं आपलं लेकरू आडात टाकलं, असं गाव म्हणायचं. नवरा नंतर आजारपणात गेला, तर तेही तिच्याच माथी मारलं. ती पाण्याला आली की बायका आपापली लेकरं पदराआड घ्यायच्या. मी पहिल्यांदा तिला पाहिलं ते आठवड्याच्या बाजारात. मिरच्या निवडत होती. मला वाटलं, ही उद्याची मी.

मुलीला देवी टोचायला दवाखान्यात नेलं तेव्हा तिथल्या नर्सबाईंनी मला हेरलं. थोराड बांध्याची, मोठ्या आवाजाची बाई, पांढऱ्या लुगड्यात सायकलवरून वाड्यावस्त्या फिरायची. मुलीला मी हातभर लांब धरलेलं त्यांनी पाहिलं. टोचून झालं, मुलगी रडून थांबली, तरी नर्सबाई काही जाऊ देईनात.

"झोप येते का?"

"नाही."

"भीती कशाची वाटते?"

मी दाराकडे पाहिलं. बाहेर रांग होती. नर्सबाईंनी आवाज खाली आणला. त्यांना तो खाली आणता येतो हे मला तेव्हाच कळलं.

"मी आधी मोठ्या दवाखान्यात होते. तिथं एक डॉक्टरीणबाई बायकांना गोल बसवायच्या आणि बोलतं करायच्या. गोळ्याबिळ्या थोड्या, बोलणं जास्त. इथंही अशा आहेत तीन-चार जणी. नुसत्या बोलायला या म्हटलं तर घरचे सोडतील का? म्हणून संक्रांतीचं हळदी-कुंकू ठेवलंय माझ्याकडे. तुम्ही यायचंच."

हळदी-कुंकवाला कोण अडवणार? सासूबाईंनीच मला चांगली साडी काढून दिली.

ती दुपार आठवली की आजही हसू येतं आणि रडूही. नर्सबाईंच्या ओसरीवर आम्ही बसलो. एक सैनिकाची बायको होती. लढाई नुकतीच संपली होती, नवऱ्याची खबर नव्हती, आणि पोस्टमनची सायकल वाजली की तिची दातखीळ बसायची. एक वाण्याची सून होती, तिची बाळं पोटातच जायची आणि तिने आता जेवणच टाकलं होतं. आणि मी. तिघी काठापदरात, केसांत गजरे, नाकात नथी. नर्सबाईंनी हळदी-कुंकू लावलं, तिळगूळ दिला, वाण म्हणून साबणाची एकेक वडी दिली, आणि म्हणाल्या, "हं, आता बोला."

कोण बोलणार? संक्रांतीच्या हळदी-कुंकवाला सवाष्णीने मरणाचं, आडाचं, रिकाम्या पोटाचं बोलायचं? असं अभद्र तोंडातून काढलेलं खपतं का सणाला? आम्ही एकमेकींच्या साड्यांचे काठ पाहिले. वाण्याच्या सुनेने माझ्या नथीचं कौतुक केलं. सैनिकाच्या बायकोने तिळगूळ खुसखुशीत झालाय म्हणून सांगितलं. थोड्या वेळाने तिघी उठलो आणि साबण घेऊन घरी गेलो. वाटेत मला इतकं एकटं वाटलं की आडावर वाटायचं तेही बरं म्हणावं.

निघताना मी रस्त्यापलीकडे पाहिलं होतं. कडुनिंबाखाली ती बाई उभी होती. तिलाही नर्सबाईंनी यायला सांगितलं होतं, हे मला मागून कळलं. ती आली, दारावरचं तोरण पाहिलं, आत हळदी-कुंकू चाललेलं पाहिलं, आणि पायरीही न चढता तिथेच थांबली. विधवा बाई हळदी-कुंकवाला कशी येणार? बायका जमवायच्या नादात नर्सबाईंच्या ते ध्यानातच आलं नव्हतं. त्या स्वतःवर इतक्या चिडल्या की आठवडाभर दवाखान्यात कोणाशी धड बोलल्या नाहीत.

मग त्यांनी गोधडी काढली. दवाखान्यात बाळंतिणींना अंथरायला गोधड्या हव्यात, जुनी लुगडी घेऊन दुपारी शिवायला या, असा निरोप आम्हा चौघींच्या घरी गेला. गोधडीला ना कुंकू लागतं ना मुहूर्त. सवाष्ण शिवते, विधवा शिवते. साधीच लुगडी, साधंच बोलणं. सासूबाईंनीही आनंदाने आपलं एक विरलेलं नऊवारी दिलं आणि म्हणाल्या, "मुलीला घेऊन जा आज. मला पापड लाटायचेत." माझी पाचावर धारण बसली. ओसरीवर सुया असणार, आणि मुलगी माझ्याजवळ.

मी गेले तेव्हा ती बाई आधीच येऊन बसली होती. गोधडी मध्ये पसरलेली, आणि तिच्या चार कडांना आम्ही चौघी. बसायला उरलेली जागा नेमकी तिच्या शेजारची. मुलीला मी भिंतीकडे, सुयांपासून दूर, दुपट्यावर निजवलं आणि हातात सुई घेतली. दोरा काही केल्या नेढ्यात जाईना. त्या बाईने काही न बोलता माझी सुई घेतली, ओवली, परत दिली.

खाली मान घालून टाके घालायचे असले की कोणाच्या डोळ्यांत पाहावं लागत नाही. आधी सैनिकाची बायको बोलली, पोस्टमनच्या सायकलीबद्दल. मग वाण्याची सून. टाके चालू होते. नर्सबाई मध्येच "हं" म्हणत, बाकी गप्प. मग त्या बाईने बोलायला सुरुवात केली.

"समदं गाव म्हनतं म्या टाकलं लेकरू. म्या न्हाई टाकलं. पन मनात यायचं माज्या. लई यायचं. आडावर गेलं की वाटायचं, आता म्याच सोडते का काय याला. सांगावं कुनाला? सांगितलं आसतं तर लेकरू काढून घेतलं आसतं. मंग म्या त्याला घ्यायचंच सोडलं. आडाकडं जायचं न्हाई, त्याला कडंवर घ्यायचं न्हाई. समदं सासूवर. सासू म्हातारी. दुपारच्याला तिचा डोळा लागला. लेकरू रांगत गेलं."

तिने टाका ओढून दोरा घट्ट केला.

"म्या घरातच हुते. दार लावून आत. भ्याले हुते ना."

कोणाच्याही सुया हलेनात. तिच्या आडापाशी जे झालं ते माझ्याही अंगणात होऊ शकत होतं, आणि ते होण्यासाठी मी काही वाईट करायची गरजच नव्हती. मी भीत राहिले, लांब राहिले, की पुरे होतं.

तेवढ्यात मुलगी जागी होऊन रडू लागली. सगळ्यांत जवळ ती बाईच होती. तिने सहज हात लांब केले, मुलीला उचललं, आणि मग आपण काय केलं ते ध्यानात येऊन तशीच थिजली. त्या गावात तिच्या हातात कोणी लेकरू देत नसे. वाण्याची सून अर्धवट उठली. मी तिला हाताने खाली बसवलं, आणि बोलले.

"मलाही येतं ते मनात. रोज येतं. आडावर येतं, विळीवर येतं, आत्ता या सुईवर येतंय."

आवाज माझा वाटत नव्हता. बोलून झाल्यावर मी थांबले. आता मुलगी नर्सबाईंकडे जाणार, कोणीतरी शाळेत निरोप धाडणार, संध्याकाळच्या गाडीने मला नगरला पोचवणार. मी दाराकडे पाहत राहिले.

त्या बाईने मुलीला माझ्या मांडीवर ठेवलं.

"घे," ती म्हणाली. "लांब ठिवू नगस हिला. भ्या वाटंल, वाटू दे. भेत भेत धर, पन धर."

सवयीने तोंडात आलं, "आलेच हं." मुलगी कोणाच्या तरी हातात द्यायला मी वर पाहिलं. सैनिकाच्या बायकोने सुई उचलून पुढचा टाका घातला. वाण्याच्या सुनेने मुलीच्या टोपड्याची नाडी नीट केली आणि हात मागे घेतला. नर्सबाई खाली पाहून दोरा तोडत होत्या. मुलीला माझ्याकडून घ्यायला कोणीच हात पुढे केला नाही.

गोधडीचा एक कोपरा होईपर्यंत मी तिला धरून बसले. विचार येत होता. जात होता. पुन्हा येत होता. पुढे कितीतरी महिने येतच राहिला, आणि तितके महिने मी त्या ओसरीवर जात राहिले.

त्या दिवशी ऊन कलल्यावर घरी आले. फाटक उघडलं की डाव्या हाताला आड. सासूबाई पापड उचलत अंगणातच होत्या. रोजच्यासारखे त्यांनी हात पुढे केले.

"आण इकडे तिला. दमली असशील."

"राहू द्या माझ्याजवळ," मी म्हणाले, आणि आडाच्या कडेने, भीत भीत, तिला घट्ट धरून घरात गेले.