बरोबरीचा गडी

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. सत्तरी कधीच उलटली, आता लिहूनच टाकतो.

कशेळ्याला वामनचं बी-बियाणांचं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान होतं. मी कर्जतला राहायचो, रसायनीच्या कारखान्यात नोकरीला; पण तेव्हापासून निवृत्तीनंतरही रविवारी जीपने त्याच्याकडे बुद्धिबळ खेळायला जायचो. चाळीस वर्षं खेळलो — आणि चाळीस वर्षं हरलो. "पोरासोरांत खेळ रं तू," तो गिऱ्हाइकांसमोर म्हणायचा. सगळे हसायचे. मीही हसायचो — की दात दाखवायचो?

मग मोबाईलवर बुद्धिबळ आलं. त्याला ते मीच लावून दिलं. जिंकलं की गुण चढतात, हरलं की उतरतात, आणि ज्याचे गुण तुमच्याइतके, त्याच्याशीच गाठ घालून देतात. वामन खूश. "बरोबरीचा गडी देतंय बघ. लबाडी नाय."

लबाडी मी केली. खोट्या नावांनी तीन-चार खाती उघडली. दुपारी जेवून तो खेळायला बसला की मीही बसायचो. त्याच्या गुणांचे लोक त्या वेळी थोडेच. आज नाही तर उद्या गाठ पडायचीच. दुसऱ्या मोबाईलवर बुद्धिबळ खेळणारं यंत्र होतं, त्याला चाली विचारून मी त्याला हरवायचो. मग माझे गुण चढत — ते अनोळखी लोकांशी मुद्दाम हरून पुन्हा खाली आणायचो. तो घसरला तसा मीही त्याच्या मागे खाली उतरलो. एवढी चिकाटी मी नोकरीत तरी दाखवली होती का?

वाटलं होतं, चिडेल. तो धास्तावला. त्याच्या वडिलांना, आबांना, शेवटी घरचा रस्ताही ओळखू येत नव्हता. एका रविवारी पट न मांडताच म्हणाला, "बरोबरीचेच हरवतायत मला. आबांसारखं होतंय रं माझं. कुणाला चुकून भलतंच औषध दिलं तर?"

तेव्हा एक वाक्य पुरलं असतं. मी काय म्हणालो? "वय झालं आता."

कर्जतच्या डॉक्टरांकडेही मीच नेलं. त्याची फाईल माझ्या मांडीवर होती. डॉक्टर म्हणाले, काही झालेलं नाही. त्याला पटलं नाही. डॉक्टर खोटा धीर देत असतील, मोबाईल कशाला देईल, असं त्याचं म्हणणं.

दिवाळीआधी त्याने दुकान बंद केलं. नंतर कोणी भातावरच्या रोगाचं विचारायला आलं, तर म्हणायचा, दुसऱ्याला विचारा.

गेल्या वर्षी तो झोपेतच गेला. वामनशेठचं शेवटी डोकं गेलं होतं, असं गावात म्हणतात. गेलं नव्हतं. शेवटपर्यंत ठणठणीत होतं. दहाव्याला त्याची सूनही गावासारखंच म्हणाली, शेवटी डोकं गेलं होतं — आणि मी मान डोलावली.