अव्वाची ओळ

नव्या सोलापुरी चादरीची घडी मोडली की कांजीचा वास येतो आणि मला सत्तरच्या दशकातलं आमच्या इंग्रजी शाळेचं उद्घाटन आठवतं. शाळा बांधून देणाऱ्या, चादरींचा व्यापार करणाऱ्या शेटजींना स्वतःला इंग्रजी वाचता येत नव्हतं. पाहुणे चहाला गेल्यावर ते धोतर सावरत उद्घाटनाच्या, इंग्रजीत कोरलेल्या संगमरवरी दगडापाशी आले. अंगाला तोच वास. मी सातवीत होते, खुर्च्या उचलत होते. "पोरी, माज्या आईचं, अव्वाचं नाव कुटल्या ओळीत हाय, दाखव की." मी दगड वाचला. त्यावर त्यांचं नाव होतं, कलेक्टरांचं होतं. बाईमाणसाचं एकही नव्हतं. आवारात मराठी बोललं की शिक्षा म्हणून गळ्यात पाटी अडकवत, आणि आमच्या बाई मागेच उभ्या होत्या. 'नो' म्हटलं असतं तर पुढचं मराठीतच सांगावं लागलं असतं. मी "येस सर" म्हणाले आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "लई बारीक लिवलंय की! अव्वाबी बारीकच होती," असं म्हणून ते हसले आणि कलेक्टरांच्या नावावर त्यांनी कपाळ टेकवलं. ती पाटी पुढे चार वेळा माझ्या गळ्यात आली, काही बिघडलं नाही. त्या दिवशीच यायला हवी होती.